खिडकीच्या बैलाला आवतण

मी एक म्हातारा लाल कंधारी बैल आहे आणि माझ्या डाव्या कुशीला खिडकी आहे. हसू नका मित्रांनो, थट्टा नाही! रबरी बूच काढलं की माणसाचा हात थेट माझ्या पोटात जातो.

पूर्वी मी दिंद्रुडच्या आश्रुबाची उसाची गाडी ओढायचो. पाय अधू झाला, तेव्हा त्याने मला बाजार दाखवला नाही, या चारा संशोधन केंद्रात आणून सोडलं. ऊसतोडीच्या बैलांना महिनोन्‌महिने नुसतं वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, खावा लागतो आणि त्याने हाडं कमजोर होतात. ते वाढं पोटात नेमकं काय करतं, हे इथल्या रोहिणी मॅडमना शोधायचं होतं. म्हणून भूल देऊन मला ही खिडकी पाडली. जखम भरली, पण पहिल्यांदा हात आत आला तेव्हा मी थरथर कापलो होतो.

एकदा मॅडमनी माझ्या पोटातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि माझं चारापाणी करणाऱ्या शहादेवकाकांना बोलावलं. काका डोळा लावून बसले ते उठेचनात.

"आगं बाबो! ह्याच्या पोटात तर जत्रा भरलीय की!"

त्या एका थेंबात कितीतरी जीव वळवळत होते, माझा चारा पचवत होते. काकांनी माझ्यापुढे हात जोडले. मला तर भरूनच आलं. एवढा संसार मी जन्मभर वागवत होतो आणि मलाच पत्ता नव्हता!

मग पोळा आला. तेव्हा एकवीस दिवसांचा प्रयोग चालू होता, फक्त वाढं खायचं, दुसरं काही नाही. आदल्या संध्याकाळी काकांनी सवयीने माझे खांदे हळद-तुपाने मळले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

दुसऱ्या दिवशी ते पुरणपोळीचं ताट घेऊन आले, तर मॅडम आडव्या आल्या.

"काका, आज प्रयोगाचा विसावा दिवस! एक पोळी खाल्ली तरी सगळे आकडे वाया. मग यालाच पुन्हा एकवीस दिवस वाढ्यावर राहावं लागेल."

"चुकलंच माझं, म्याडम. पर बोलावलेल्याला उपाशी कसं धाडू? पोटाला भोक पाडताना इचारलं व्हतं का त्याला? ह्यो एकच सवाल केलाय आपण, जेवाया येता का म्हनून."

मॅडमनी हातातली वही मिटली. मग त्यांनी ताट घेतलं आणि स्वतःच्या हाताने मला पोळी भरवली. पोळी फार गोड होती. नंतरचे एकवीस दिवस मात्र जड गेले, खोटं कशाला बोलू?

त्या आकड्यांवरून आणि पुढच्या चाचण्यांतूनच कळलं, की वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडली तर बैलांची हाडं टिकतात. माझ्या कितीतरी भावंडांचं त्याने भलं झालं, याचा मला अभिमान आहे.

पण सगळ्यात थक्क झालो तो नवा प्रयोग सुरू झाला त्या सकाळी. मॅडम नेहमीसारख्या कुशीकडे गेल्या नाहीत. समोर आल्या, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "येऊ का रे आत?"

मी मान हलवली.

तो होकार होता की कानावर माशी बसली होती, ते त्यांना कळेना. हात धुऊन तयार होता, तो तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. मित्रांनो, मुक्या जीवाकडून काही घ्याल तेव्हा तुम्हीही असेच विचारा, आणि थोडं थांबा.