माझ्या पाठीला चिकट

सालानिएताचा राग उतू जाणाऱ्यातला नव्हता. चार वर्षं मंद आचेवर ठेवलेला, आणि त्या संध्याकाळी फिजीतल्या सुवाच्या मैदानावर तो चांगला शिजून तयार होता.

सात खेळांपैकी सहा उरकले होते, उरली होती दोन फेऱ्यांची आठशे मीटरची शर्यत. एकूण गुणांत उनाइसी पहिली, कादावू बेटावरची पोर मेरेलिता दुसरी, आणि गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळलेली सालानिएता तिसरी. सगळ्यांत वर राहील तीच ऑलिंपिकला जाणार. सालानिएताला वर चढायला आता वाव नव्हता, पण कांस्य तर हातात होतं. खेळाडू म्हणून हे तिचं शेवटचं वर्ष.

चार वर्षांपूर्वी ह्याच निवडीत पुढं तीच होती. लांब उडीत दोनदा पाय फळीच्या पुढं पडला. आपला पाय आपल्याला दिसत नाही, तेव्हा मैत्रिणीला विचारायचं. ह्या सात खेळांच्या बायका एकमेकींना खरं तेच सांगतात, मग गुण गेले खड्ड्यात. तिनं उनाइसीला विचारलं. "बोटभर गेलाय गं," उनाइसी म्हणाली. गेला होता चांगला वीतभर. सालानिएतानं धाव बोटभरच मागून सुरू केली. तिसरी उडीही बाद, गुण शून्य, आणि ऑलिंपिकच्या विमानात बसली उनाइसी. बरं, नंतर तरी यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन दारात बसावं, माफी मागावी. रीतच अशी की मग समोरच्याला सगळं गिळावंच लागतं. पण ही बया भेटली की नुसती गालाला गाल लावायची. मेलीला वाटलं, सालानिएता विसरली.

म्हणून तर शर्यतीआधी लाडात आली. "सालाताई, तुझी चाल म्हणजे घड्याळ. मला घेऊन चल ना. मेरेलिता फार पुढं गेली नाही म्हणजे माझं झालं."

"माझ्या पाठीला चिकट," सालानिएता म्हणाली. "अजिबात सोडू नकोस."

मग तिनं मेरेलिताला बाजूला घेतलं. "तू माझ्या मागं यायचं नाहीस. मी काय वाटेल ते करीन, तू आपल्या चालीनं पळ."

"पण ताई..."

"पण नाही नि बिण नाही."

पिस्तूल वाजलं आणि सालानिएता अशी सुटली, जणू एकच फेरा पळायचाय. उनाइसी मागं चिकटलेली. पहिला फेरा संपताना उनाइसीच्या घशातून घरघर ऐकू यायला लागली, आणि सालानिएताला ती गोड लागली. तिच्या स्वतःच्या छातीतही जाळ झाला होता, गुडघे बोंबलत होते, पण ती थांबली नाही. शेवटच्या वळणाच्या बऱ्याच आधी दोघींचे पाय संपले. मेरेलिता शांतपणे दोघींना ओलांडून गेली, तिच्यामागून बाकीच्याही. उनाइसी रडत, लडखडत कशीबशी रेषेपर्यंत आली. सालानिएता सगळ्यांत शेवटी.

फलकावर मेरेलिताचं नाव वर चढलं. उनाइसी दुसरी. कांस्य भलतीच कोणी घेऊन गेली.

मग रिवाजाप्रमाणे सगळ्या जणी हातात हात घालून मैदानाला फेरी मारायला निघाल्या. सालानिएताच्या एका हाताला मेरेलिता, दुसऱ्या हाताला उनाइसी. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मेरेलिताचे डोळे वाहत होते. "ताई, माझ्यासाठी तू पदकावर पाणी सोडलंस."

"तुझ्यासाठी नाही गं," सालानिएता म्हणाली, आणि उनाइसीकडे वळून बघत राहिली.

उनाइसीला आत्ता कुठं उमगलं. तिनं हात ओढून घेतला. सालानिएतानं तो सोडला नाही. अजून अर्धं मैदान बाकी होतं.