वाचवलेलं औषध

"काकू, तुझी मेंढरं आत्ताच्या आत्ता कुरणाच्या फाटकापासून मागं फिरव, नाहीतर मी हाकलतो. आणि मी हाकलली तर मग शोधत बसशील कुठली कुठं गेली ते."

थोरल्यानं फाटकात काठी आडवी धरली होती. गावात सगळ्यात मोठा कळप त्याचा, म्हणून त्याला थोरला म्हणायचे. वयानं काही थोरला नव्हता, काकूचा धाकटा दीर शोभेल एवढाच. काठीच्या अलीकडे काकू उभी, आणि तिच्या मागं तिची मूठभर मेंढरं, एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून. ऊन असं की माती तव्यासारखी तापलेली. कुंपणाच्या खांबाखांबाला लोकरीचे झुपके चिकटले होते, कारण गावातलं प्रत्येक जनावर अंग घासत होतं. खरूज. एकाही कळपाला सोडलं नव्हतं तिनं.

काकू म्हणाली की बाबा, माझीही तशीच खाजवतायत, मी काय वेगळी आहे का. त्यावर थोरला म्हणाला, सगळ्यांनी सगळी जनावरं औषधाच्या हौदातून काढली, तू एक गाभण मेंढी घरी लपवलीस, तिनंच हा प्रसाद वाटला. आज दिवस मावळताना लोकर कातरायच्या शेडमध्ये सगळे जमतील. कुरण तुला कायमचं बंद करायचं की नाही ते तिथं ठरेल.

तडतड्या फाटकाच्या बाजूला उभा होता. नाव तडतड्या, कारण तव्यावरच्या मोहरीसारखा तो बोलण्याआधीच उडायचा. एरवी कुणी काकूला अर्धा शब्द बोललं असतं, तर यानं पाव शब्दावरच अंगावर धाव घेतली असती. आज मात्र तो मूग गिळून उभा. थोरल्यालाही ते खटकलं. म्हणाला, "काय रे, आज वात विझली का?"

विझली होती खरी.

कारण त्याला माहीत होतं. एका मेंढीनं अख्ख्या गावाला खरूज लावली नव्हती. ती त्यानं लावली होती.

झालं होतं असं. दरवर्षी लोकर कातरून झाली की गावातली सगळी मेंढरं एकामागून एक औषधाच्या हौदातून पोहवत काढायची, ही इथली रीत. हौद तडतड्याच्या मामाच्या ताब्यात. यंदा औषध नवीन आलं. बाटलीवर लिहिलेलं, हजार लिटर पाण्याला एक लिटर. मामा म्हणाला, दुकानदारानं सांगितलंय लिटरच्या दोन बाटल्या लागतील, दोन्ही ओतू. तडतड्या तिथंच उडाला. म्हणाला, मामा, दुकानदार तर चारही सांगेल, त्याला विकायच्यात. थांब, मी हिशेब करतो.

टेप घेतला. हौद चार मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, पाणी एक मीटर खोल. चार गुणिले अर्धा गुणिले एक, दोन घनमीटर. इथपर्यंत सगळं बरोबर. मग म्हणाला, एका मीटरचे शंभर सेंटीमीटर, तसे एका घनमीटरचे शंभर लिटर. दोनचे दोनशे. हजाराला एक लिटर, मग दोनशेला दोनशे मिली. पेलाभर. झालं.

त्यात दोष एवढाच की मास्तरांशी भांडून त्यानं शाळा सोडली ती लांबी-रुंदीवर. घनफळाचा धडा त्याच्या माघारी झाला.

पण बोलला इतक्या ठसक्यात की थोरल्यानंसुद्धा मान डोलावली. एक बाटली जवळजवळ भरलेली राहिली, दुसरीचं सील तसंच. पोरानं गावाचं औषध वाचवलं म्हणून थोरल्यानं पाठ थोपटली, आणि तडतड्या आठवडाभर गावातून असा फिरला की पायाखाली जमीन आहे हेच विसरला.

मग खाज सुटली.

तरी त्याला काही कळलं नव्हतं. कळलं ते आज सकाळी. मामानं हौद रिकामा करायला सांगितला, म्हणून पाण्यावर झाकलेले पत्रे काढून तो वीस लिटरच्या डब्यानं पाणी उपसायला लागला. त्याच्या हिशेबानं दहा डब्यांत तळ दिसायला हवा होता. दहा डबे झाले. हौदाकडे बघतो तर पाणी वीतभरही उतरलेलं नाही. जसं काही कुणी हातच लावला नव्हता.

तो तिथंच चिखलात बसला. काडी घेतली. लिटर म्हणजे दहा सेंटीमीटरचा ठोकळा, एवढं त्याला आठवत होतं. मीटरभर लांबीत असे दहा बसतात. रुंदीत दहा. दहा दाहे शंभर. हे तर आपण धरलेलंच, म्हणून क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, हा तर नुसता तळ झाला. शंभराचा एक थर. वर असे अजून नऊ थर. घनमीटरचे शंभर नाही, हजार लिटर. दोन घनमीटरचे दोन हजार. औषध लागत होतं दोन लिटर, आणि यानं पेलाभर टाकून गावभर छाती काढली होती. दहाव्या हिश्श्यानं काय खरूज मरते? तिला अंघोळ घातली नुसती.

काडी टाकून तो मामाकडे गेला. मामा पान्हा घेऊन हौद भरायच्या पंपाशी खटपट करत होता. त्यानं सगळं ऐकलं, मान वर न करता. मग म्हणाला, "हे मला सांगितलंस ते सांगितलंस. आता गिळ. उद्या हे बाहेर गेलं, तर हौद माझ्याकडून जाईल आणि तुझ्या हातात कुणी झाडूही देणार नाही. लोक विसरतात."

"आणि काकू?"

मामानं पान्हा बदलला. काकू एकटी बाई, तिचं कसंही भागतं, असं काहीतरी तो पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाच पटलेलं दिसत नव्हतं.

म्हणून दुपारी फाटकाशी तडतड्याची वात विझलेली. चोर सोडून संन्याशाला सुळी चाललेली डोळ्यांनी दिसत होती, आणि चोराच्याच तोंडाला कुलूप. भांडण उरकल्यावर तो काकूच्या मागोमाग तिच्या गोठ्यापर्यंत गेला. का गेला ते त्यालाच माहीत नाही. बहुतेक सांगायलाच.

गोठ्यात ती गाभण मेंढी होती. म्हणजे आता गाभण नव्हती. मागच्या पायांशी काळ्या तोंडाचं कोकरू धडपडत होतं. काकूनं त्याला उचलून तडतड्याच्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मग बोलायला लागली. म्हणाली, दिवस भरले होते तिचे, हौदात घातली असती तर पोटातलं गेलं असतं, म्हणून ठेवली घरी. एका कोकराच्या मायेपायी अख्ख्या गावाची जनावरं नासली. काल थोरल्याच्या मेंढीची पाठ पाहिली, सोलल्यासारखी झालीय. माझ्याच हातानं झालं हे.

"तसं नाहीये, काकू," एवढंच तडतड्याच्या तोंडून निघालं. कोकरू त्याचं बोट चोखत होतं.

"तू नको समजूत काढू माझी." काकूनं पदरानं तोंड पुसलं. "एक काम कर माझं. तुझं ऐकतात ते, हिशेबाचा पोरगा म्हणून. तू ये शेडमध्ये आणि सांग, काकू चुकली म्हणते. ही मेंढी आणि हे पिल्लू घेऊन येते मी, काय करायचं ते करा म्हणावं त्यांचं. पण बाकीच्यांना कुरणात राहू द्या. कुरण गेलं तर मला सगळी विकावी लागतील रे."

हिशेबाचा पोरगा. त्याच्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं कोकरू खाली ठेवलं आणि येतो म्हणून निघाला. "ये हं, विसरू नको," काकू मागून म्हणाली.

आता तो मामाच्या फळीसमोर उभा आहे. फळीवर दोन बाटल्या, एक जवळजवळ भरलेली, एक सीलबंद. दोन लिटरला पेलाभर कमी. हौद दहा डब्यांनी कमी भरला की झालं, हा हिशेब त्यानं तीन वेळा करून बघितलाय, चिखलात, थर मोजून. मामा दारात आहे. आत येत नाही, दारातून हलतही नाही.

"मामा, बाजूला हो."

मामा तोंड फिरवून म्हणतो, "पंप चालू झालाय," आणि वाट सोडतो.

ऊन उतरलंय. तिकडे पायवाटेवर काकू दिसतेय, एका हातात मेंढीचा दोर, कडेवर कोकरू. पायवाट वळणानं जाते. कापणी झालेल्या रानातून आडवं पळालं तर तिच्या आधी शेडला पोचता येईल, ती तोंड उघडायच्या आधी. धसकटं पायाला टोचतील, टोचू देत. बाटल्या दोन्ही काखेत घेतल्यात. काय बोलायचं ते अजून जुळत नाहीये, आणि जुळवत बसायला वेळ नाही. त्याला आता निघायला हवं.