सुनेनं सुधारलेली उत्तरं

सास्तूरच्या सिताबाई कधी कुणाला भ्यायल्या नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात त्यांनी संसार केला, दोन लेकी उजवल्या, आणि बांधावरून भांडायला आलेल्या भावकीला चहा पाजून परत लावून दिलं. पण लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी ‘आधी नऊ किलो वजन उतरवा, मग गुडघ्याचं ऑपरेशन’ असं सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी धास्ती घेतली. वर्षभरात उतरलं ते पाव किलो, आणि तेही चपला काढून काट्यावर उभं राहिल्यामुळं, असं त्यांचे मालक गुंडाप्पा सांगत. गुडघा असाच राहिला तर वावर पुन्हा दिसणार नव्हतं. दोन वर्षं झाली, त्यांचा पाय वावराला लागला नव्हता.

शेवटी दवाखान्यातल्या बाईंनी मोबाइलवर एक मराठी कोर्स टाकून दिला. बारा आठवड्यांचा. त्यात काय खावं, काय खाऊ नये, याची यादीच नाही. रोज संध्याकाळी प्रश्न यायचे: आज भूक नसताना काही खाल्लं का? त्याआधी काय घडलं? मनात काय आलं? गुंडाप्पांनी ऐकलं आणि आता मनाचंबी वजन करायलेत म्हणून हसले.

सिताबाई चौथी शिकलेल्या. वाचायच्या, पण मोबाइलची अक्षरं बारीक आणि त्यांचं बोट जाड. म्हणून उत्तरं लिहायचं काम सुनेकडं, शिवकन्याकडं आलं. सासूच्या मनातलं सुनेनं लिहायचं! कोर्स बनवणाऱ्या शहाण्यांच्या स्वप्नातही हा घोळ आला नसणार.

शिवकन्याला वाटलं होतं, आत्याबाई काहीतरी थातूरमातूर सांगतील. पण पहिल्याच दिवशी धारा काढून झाल्यावर सिताबाई खाटेवर बसल्या, डोळे मिटून विचार केला आणि सरळ म्हणाल्या, “दुपारी दोन लाडू खाल्ले. भूक नव्हती. सुनंनं भांडी आदळली. मला वाटलं, आता ह्या घरात माझं काय काम न्हाय.”

शिवकन्याचे कान तापले. भांडी आदळली होती हे खरं. नळाला पाणी आलं नव्हतं, त्याचा राग भांड्यांवर निघाला होता. पण घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर कशी मांडायची? तिनं लिहिलं, ‘कामाचा ताण होता.’ मनात काही वाकडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासू म्हणाली, लेकीचा फोन आला नाही म्हणून शेंगदाणे खाल्ले. शिवकन्यानं लिहिलं, कामाचा ताण. रोज ती सासूचं मन इस्त्री करून पाठवत राहिली.

उत्तरं जशी जात होती, तसाच सल्ला परत येत होता. काम घरच्यांत वाटून द्या, दुपारी विश्रांती घ्या. सिताबाईंनी तो डॉक्टरच्या गोळीसारखा पाळला. तूर निवडणं सोडलं, शेळीकडं बघणं सोडलं. दुपारभर नुसत्या बसून राहू लागल्या, आणि रिकाम्या बसल्यावर लाडवाचा डबा जास्तच आठवू लागला. पाचव्या आठवड्यात काटा एक किलो वर गेला. मोबाइलला आपलं मन कळत नाही, शनिवारी कोर्सवाल्यांचा फोन येणार आहे, तेव्हा कोर्स नको म्हणून सांगते, असं त्यांनी जाहीर केलं.

शनिवारी कोर्सवाल्या आरोहीताईंचा फोन आला. स्पीकर चालू होता. त्यांनी आपुलकीनं विचारलं, तुमच्या रोजच्या उत्तरात कामाचा ताण दिसतो, तर सगळ्यात जड काम कोणतं?

आपण तर असं कधी सांगितलंच नव्हतं, हे सिताबाईंच्या ध्यानात आलं. मग त्यांनी शिवकन्याकडं पाहिलं. शिवकन्या फरशीकडं बघत होती.

“सांगन्यात माझीच चूक झाली, ताई,” सिताबाई म्हणाल्या. “मला कामाचा ताप न्हाय. काम नसल्याचा हाय. आजपास्नं नीट सांगते.”

सुनेचं नावही त्यांनी घेतलं नाही. कोर्स सोडायचं तर विसरूनच गेल्या.

फोन ठेवल्यावर शिवकन्याला रडू कोसळलं. सिताबाईंनी तिला रडू दिलं आणि मग एकच विचारलं, “लाज कुनाची राखायलीस? माझी का तुझी?”

“माझी,” शिवकन्या म्हणाली.

“बरं झालं, खरं बोललीस. आता हितनं पुढं दोघी बी खरंच बोलू.”

एकसष्ट वर्षांची ही बाई रोज आपलं मन उलगडून, आडपडदा न ठेवता सुनेच्या हाती देत होती. आपल्याला हे एक दिवस तरी जमलं असतं का? शिवकन्याला सासूचा इतका अभिमान वाटला की तो कुणाला सांगावा हेही तिला कळेना.

तूर परत सिताबाईंच्या सुपात आली. उत्तरं जशीच्या तशी जाऊ लागली. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “दुसरी भाकरी नको व्हती. पन सुनंनं वाढलेलं परत कसं करू? तिला वाईट वाटंल.” शिवकन्या थक्क झाली. सासूला आग्रह केला नाही तर लोक सुनेला नावं ठेवतात, म्हणून ती वाढत होती! कोर्सनं सुचवलं, एकदा नको म्हणून बघा. दहाव्या आठवड्यापर्यंत काटा तीन किलो खाली आला होता, पण हे ‘नको’ काही सिताबाईंच्या तोंडून निघालं नव्हतं.

मग एका दुपारी शिवकन्या दुसरी भाकरी घेऊन आली, आणि सिताबाईंनी ‘नको’ म्हणत ताटावर हात आडवा धरला. ‘अर्धी तरी घ्या’ हे शब्द शिवकन्याच्या जिभेवर आले होते. तिनं ते गिळले आणि भाकरी टोपल्यात परत ठेवली.

संध्याकाळी सिताबाई सांगू लागल्या, “सुनंनं भाकरी आनली. म्या नको म्हनले. तिला वाईट वाटलं. तरी खाल्ली न्हाय.”

शिवकन्याचं बोट थांबलं.

“वाटलं का न्हाय?” सिताबाईंनी विचारलं.

“वाटलं, आत्याबाई.”

“मग लिही तसंच. आनि पुढं लिही, तिनं दुसऱ्यांदा इचारलं न्हाय. माझी सून लई धीराची हाय.”

हे शेवटचं वाक्य मात्र शिवकन्याला लाजेनं बदलावंसं वाटलं. पण तिनं ते लिहिलं, जसंच्या तसं.