कांदेनवमीचं उरलंसुरलं

मित्रांनो, मी कुत्र्याची जुनी दगडी कुंडी आहे. जेवता जेवता ही गोष्ट वाचत असाल, तर आधी जेवून घ्या. मी थांबते. दगडाला घाई नसते.

पाथरवटानं मला घडवलं ते लोणचं ठेवायला. पण देऊळघाटच्या बाजारातून घरी येताना काठाचा टवका उडाला आणि माझी बदली थेट अंगणात झाली. तिथं शालिग्रामभाऊंचा कुत्रा जमादार माझ्यात जेवू लागला. भाजीच्या मळ्यातून रानडुकरं हाकलायची, ही त्याची नोकरी. भाऊंच्या बायकोनं, सोजराबाईंनी, त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलेलं. त्यांना कोणी उलट बोललं की तो गुरगुरायचा. शालिग्रामभाऊंवर तर बोलण्याआधीच.

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष होतं. आषाढातली कांदेनवमी आली. पुढं चातुर्मासात घरात कांदा शिजत नाही, म्हणून त्याआधीच सगळा संपवायचा, हा नेम. माणसं भजी, भरीत, झुणका खाऊन खाऊन दमली, तरी उरलंच. अन्न टाकणं पाप आणि एकादशीला कांदा घरात ठेवणंही पाप. या दोन पापांच्या मधोमध मी होते. सोजराबाई दोन दिवस सगळं माझ्यात ओतत राहिल्या. जमादार चाटूनपुसून खात राहिला.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला, तो उठेना. हिरड्या पांढऱ्या, लघवी काळसर लाल. सोजराबाईंनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. मग ताकद यावी म्हणून, एकादशीमुळं गोठ्यात झाकून ठेवलेली शेवटची कांदाभजी आणून माझ्यात घातली. त्यानं मान उचलली आणि बाईंसाठी म्हणून दोन खाल्ली. दगडाला ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

"हे सहदेवचंच काम व्हय. त्यानंच इख घातलं याले," म्हणत शालिग्रामभाऊ काठी घेऊन निघाले. शेजारच्या सहदेवशी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. तो घरी सापडला नाही. म्हणजे पळाला, असं ठरलं. तासाभरानं तो सायकल मारत आला. मागं कॅरिअरवर गुरांचे डॉक्टर बसलेले. जमादार पडलेला त्यानं कुंपणावरून पाहिला होता. शालिग्रामभाऊंना काठीचं काय करावं ते कळेना.

डॉक्टरांनी जमादारचा ओठ वर करून पाहिला. मग वाकून मला हुंगलं.

"बाई, यात काय घालता?"

"घरचंच जी. कांद्याची भजी, भरीत. म्हटलं, मुकं जनावर, खाईन पोटभर."

"कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं. कच्चा असो, तळलेला असो. लसणानंही."

सोजराबाईंनी माझ्यातल्या भज्यांकडं पाहिलं. "म्हंजे इख म्याच वाढलं?"

सहदेवनं मला उचललं, भजी खड्ड्यात पुरली आणि मला राखेनं घासून परत आणून ठेवलं.

पुढं काय द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलं. बिया काढलेला लाल भोपळा नाहीतर दुधी, उकडून, कुस्करून. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. तोही चार घास, भाकरीदुधाच्या जोडीला. मक्याचं कणीस अख्खं टाकायचं नाही, आतड्यात अडकतं. वाचेल का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आठ दिवस सोजराबाई पुन्हा कापसाच्या बोळ्यानं त्याला दूध पाजत राहिल्या. नवव्या दिवशी जमादार लटपटत माझ्यापाशी आला. सोजराबाईंनी भोपळा वाढला. तो क्षणभरही न थांबता, न हुंगता खाऊ लागला, आणि बाईंनी पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, परक्यानं टाकलेला तुकडा कुत्रा दहा वेळा तपासतो. आपल्या माणसानं वाढलेलं एकदाही नाही. तेवढं तुम्ही तपासा.