दाढीखालचे खड्डे

विश्रांतवाडीतल्या त्या क्लिनिकमधून राजनंदिनी पहिल्यांदा पळाली, तेव्हा बधिर करणारं क्रीम तिच्या गालांवर तसंच होतं. पांढऱ्या तोंडाने जिना उतरून ती थेट गाडीत येऊन बसली.

"झालं?" तिचे वडील मच्छिंद्र यांनी विचारलं.

"नाही. सुई बघितली. चला."

कॉलेजच्या चार वर्षांत आलेल्या मुरुमांनी राजनंदिनीच्या दोन्ही गालांवर खड्डे ठेवले होते. आता ती खराडीच्या एका कंपनीत नोकरीला होती आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये तिचा कॅमेरा कायम बंद असायचा. मॅनेजरने एकदा विचारलं, तर तिने नेट स्लो असल्याचं सांगितलं. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली होती. शेवटी तिने स्वतःच डॉक्टर ऋतुजा यांना गाठलं. त्यांनी समजावलं होतं की त्वचेत पाणी धरून ठेवणारं एक जेल बारीक सुईने गालात ठिकठिकाणी सोडायचं, महिन्याच्या अंतराने तीनदा. खड्डे पुसले जाणार नाहीत, पण उथळ होतील. राजनंदिनीला सगळं पटलं होतं. फक्त सुई पटली नव्हती.

पुढच्या शनिवारी तिला पुन्हा क्रीम लावून झाल्यावर मच्छिंद्र तिच्याबरोबर आत गेले. धानोरीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. छातीपर्यंत नाही, पण गळा झाकेल अशी भरघोस दाढी, आणि आवाज असा की गोदामातला माणूस रस्त्यावरून बोलावता यावा.

"एवढीशी सुई," ते मुलीला म्हणाले. "त्यात काय हाय? मी घेऊन दाखवू का?"

"घ्या ना," राजनंदिनी चिडून म्हणाली. "बोलायला काय जातंय? तुम्हाला काय माहीत कसं वाटतं ते!"

मच्छिंद्रांचा हात दाढीवर गेला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी गालफडांवर फार वरपर्यंत राखली होती, आणि जिथे ती संपत होती तिथे दोन बारीक खळगे दिसत होते.

"काका, हे बऱ्याचदा घराण्यात असतं," त्या म्हणाल्या. "दाढीखाली काय आहे?"

"काय न्हाय," मच्छिंद्र म्हणाले. मग मुलीकडे बघून, "हाय थोडं."

"पप्पा?"

ते उठले आणि बाहेर गेले. ते रागावून गेले असं वाटून राजनंदिनी रडकुंडीला आली. वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडून एक अनोळखी माणूस आत आला. समोरच्या सलूनमधून आलेला, हनुवटी पांढरीफटक, कपाळ मात्र रापलेलं. दोन्ही गालांवर खड्डेच खड्डे. डाव्या बाजूला कानापासून खाली ओघळत आलेली रांग तर राजनंदिनीच्या गालावर होती तशीच.

"लग्नाच्या आधी माझा बाप वारला, तेव्हा एकदाच काढली व्हती," मच्छिंद्र उभ्याउभ्याच म्हणाले. "तेराव्याला आलेल्या एका पावण्यानं चारचौघांत विचारलं, भाजलं का काय रे? तवापासून ठेवली. तुला पहिला मुरूम आला ना, त्या दिवशी मी दुकान उघडलं न्हाय."

राजनंदिनी जाऊन खुर्चीत बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "मॅडम, करा. मी हललेच तर पप्पा धरतील."

मच्छिंद्रांनी तिचे दोन्ही हात धरले. ती हलली नाही. तेच दर टोचणीला "आई गं" म्हणत होते. शेवटी डॉक्टरांनी हात थांबवला. "काका, सुई तिला टोचतेय. तुम्ही बाहेर बसलात तर लवकर होईल."

पण ते बाहेर बसले नाहीत. उलट तिचं झाल्यावर "आता मलाबी करा" म्हणाले. साखर, रक्तदाब, चालू गोळ्या यांची चौकशी करून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांनाही क्रीम लावायला सांगितलं, आणि तासाभराने खुर्चीत ते होते.

घराची बेल वाजली तेव्हा तुळजाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी दार अर्धवट उघडलं.

"कोण पाहिजे?"

"मी हाय गं."

आवाज ऐकून त्यांनी दार पूर्ण उघडलं. समोर नवरा आणि मुलगी, दोघांच्या गालांवर मधमाश्या चावल्यासारखे फुगवटे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. बोहल्यावरसुद्धा हा माणूस दाढीतच उभा होता. तुळजाबाईंनी लसणाची बोटं पदराला पुसली आणि नवऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हेच झाकत व्हता व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं, हनुवटीच न्हाय तुम्हाला. तशी मनाची तयारी केली व्हती मी."

राजनंदिनी हसायला लागली. गाल ठणकत होते, तरी हसू थांबेना. मच्छिंद्र आधी ओशाळले, मग तेही हसले. तुळजाबाई मात्र त्यांची हनुवटी सोडायला तयार नव्हत्या. अंगठा हलकेच गालावरून फिरवत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "मला सांगायचं तरी व्हतं. मी काय पावणी हाय का?"

फुगवटे दोन दिवसांत बसले. सोमवारी दुकानात मच्छिंद्रांना तीन गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक कुठे गेलेत.

तीन वेळा जाऊन झाल्यावर दिवाळीआधी डॉक्टरांनी जुने फोटो शेजारी धरून दाखवले. उथळ खड्डे बरेच भरून आले होते. वयामुळे मच्छिंद्रांच्या गालांवरचा फरक कमी होता, पण होता. राजनंदिनीच्या डाव्या गालावरचे तीन खोल खड्डे मात्र जागेवरच होते. त्यांना वेगळा उपाय लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या.

"सध्या राहू देत," राजनंदिनी म्हणाली.

मच्छिंद्रांना हे झेपलं नाही. जिन्यात ते तिला म्हणाले, "आगं, करून टाकू की. आता कशाला सोडायचं?"

"पप्पा, मला आता दोन वाजता मीटिंग आहे, आणि मला भूक लागलीय."

मग दोघं विश्रांतवाडी चौकात उभे राहून वडापाव खायला लागले. भर दुपारचं ऊन दोघांच्या तोंडावर सरळ पडत होतं. गर्दीत त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि मच्छिंद्रांनी आणखी एक-एक मागवला.