गाळपेरीवरची ट्यूब

मित्रांनो, माझ्या अंगावरची ठिगळं बघून हसू नका. मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली म्हातारी ट्यूब. तरुणपणी विंझरच्या रखमाजीकडे होते. भातखाचरात चिखलणी चालायची, तेव्हा अख्खा ट्रॅक्टर मी पोटावर पेलायचे. पण नाव कुणाचं? ट्रॅक्टरचं! टायरच्या आत बसणारीला कोण विचारतंय? पुढे पंक्चरवर पंक्चर झाली आणि रखमाजीनं मला गोठ्यावर टाकलं, पत्रा उडू नये म्हणून.

तिथून मला सोडवलं त्याच्या बहिणीनं, बाळाबाईनं. तिचं सासर भाटघर धरणाच्या काठचं. पंक्चर काढून, घडी घालून, एसटीत मांडीवर घेऊन ती मला घरी घेऊन आली. "लोकं माहेरास्नं लुगडं आणत्यात, हिनं रबर आणलं!" तिचा नवरा चिमाजी पोट धरून हसला.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं. उघड्या पडलेल्या गाळात ही माणसं काकडी-कलिंगडं लावतात, त्याला गाळपेर म्हणतात. तिथल्या खोपीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, मला टांगलं आणि लांब दोर बांधला. कुणी गाळात रुतलं, पाण्यात घसरलं, तर मला टाकायचं. एकदा मी पाण्यात गेलेलं वासरू काढलं, तेव्हा बाळाबाईनं मला हळदकुंकू लावलं होतं. खरं सांगते, त्या दिवशी मी हवेशिवायच फुगले असते!

पण कौतुक टिकतं कुठं? यंदा माझी निम्मी हवा गेली तरी कुणी पंप लावला नाही. वर चिमाजीनं माझा दोर सोडून नेला, म्हशीला बांधायला. बाळाबाई म्हणाली, "अवं, त्यो दोर ट्यूबचा हाय." तर हा म्हणतो, "लागंल तवा आणू की!" असा राग आला मला! पण मेढीला टांगलेली मी, करणार काय?

त्याच दिवसांत शेफाली येऊ लागली. भोरची मुलगी, पुण्यात नोकरीला. सुट्टीला आली की मोठा पतंग घेऊन धरणावर यायची. पतंगाच्या दोऱ्या कंबरेच्या पट्ट्याला, पायाखाली फळी, आणि वारा ओढेल तशी पाण्यावरून सुसाट! काईटसर्फिंग म्हणतात त्याला. डोक्याला हेल्मेट, अंगात जाकीट, सगळं रीतसर. काठावर लक्ष ठेवायला एक मैत्रीणही असायची. बाळाबाई खुरपणी सोडून बघत राहायची. "बया! पोरगी पाण्यावर पळतीया!"

त्या दुपारी मात्र मैत्रीण आली नव्हती. शेफाली एकटीच उतरली. मला तेव्हाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मध्येच वारा पडला. पतंग येऊन बरोबर काकडीच्या वाफ्यापाशी चिखलात आपटला. शेफाली खोल पाण्यात तरंगत होती, फळी हातची निसटलेली. पण ती घाबरली नव्हती. दोऱ्या गोळा करत सावकाश काठाला येत होती.

आणि बाळाबाई धावली. पाहुणीची वस्तू चिखलात लोळते आणि आपण बघत बसायचं? आमच्याकडं असं कुणी करत नाही. तिनं पतंग दोन्ही हातांनी उचलला आणि पदरानं पुसायला घेतला.

"मावशी, सोडा! उचलू नका!" शेफाली जिवाच्या आकांतानं ओरडली. पण वारा आता डोंगराकडून पाण्याकडं पुन्हा सुटला होता, तिचा आवाज काठापर्यंत आलाच नाही. उचललेल्या पतंगात वारा भरला. बाळाबाईच्या हातून तो सपकन वर गेला आणि तिकडं पाण्यातून शेफाली फरफटत निघाली, थेट पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या बाभळींकडं!

पट्टा सोडायची कडी तिनं ओढली. पट्टा सुटला, पण एक दोरी पायाला गुंडाळली होती आणि तीच बाभळीत अडकली. वाऱ्याचा झोत आला की पतंग ओढायचा आणि शेफालीचं डोकं पाण्याखाली जायचं. जाकीट वर आणायचं, पतंग पुन्हा खाली ओढायचा.

"अवं, धावा! पोरगी चालली!" बाळाबाईनं मला मेढीवरून ओढलं. दोर कुठं होता? म्हशीच्या गळ्यात! सुटेना तशी चिमाजीनं ती गाठ दातानं सोडली आणि दोर मला बांधला. म्हैस उधळली, तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

"तू हलकी हायेस, तू जा. मी दोर धरतो."

"मला पवाया कुठं येतंय?"

"ट्यूब हाय नव्हं! सोडू नगंस तिला."

निम्म्या हवेची मी! त्यात बाळाबाईच्या दातांत दोरी कापायला घेतलेला विळा. तो मला लागला तर दोघी गेल्या, या विचारानं मी गार पडले. ती हातांनी पाणी मारत बाभळीपाशी पोचली. शेफालीनं मला मिठी घातली. बाळाबाईनं पाण्यात हात घालून दोरी चाचपली आणि विळा चालवला. दोरी तटकन तुटली, पतंग दूर उडाला. पण विळ्याचं टोक माझ्या कुशीत शिरलं.

सुस्स! मित्रांनो, माझी हवा निघाली. "वढा!" बाळाबाई किंचाळली. चिमाजी गुडघाभर गाळात रुतून दोर ओढत होता. मी चिमत चालले होते, खाली जात होते. देवा, एवढा काठ येऊ दे, मग फुटू दे मला, एवढंच मी म्हणत होते. काठ आला, तेव्हा मी नुसती चिंधी उरले होते.

शेफाली पाणी ओकून उठून बसली. बाळाबाई हमसून रडायला लागली. "माझ्या हातानं मेली असतीस गं, पोरी!"

"मावशी, मी एकटी यायलाच नको होतं," म्हणत शेफाली तिच्या गळ्यात पडली. चिमाजी सोललेल्या हातांनी धरलेल्या त्या दोराकडं बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला खांद्यावर घेऊन पंक्चरच्या दुकानात नेलं. नवं ठिगळ लागलं, पोटभर हवा भरली. आता बाळाबाई रोज सकाळी माझ्या पोटात अंगठा दाबून बघते. शेफाली आली की मैत्रिणीला काठावर बसवल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही. पतंग पडला, तर बाळाबाईच सगळ्यांवर ओरडते, "हात लावू नगा! आदी पोरगी कुठं हाय बगा!"

मित्रांनो, तुमच्याही गावात कुठंतरी अशी ट्यूब, असा दोर टांगलेला असेल. तो आज रिकामा दिसतो म्हणून दुसऱ्या कामाला नेऊ नका. बुडणारा माणूस तुम्ही परत आणेपर्यंत थांबत नाही.

परवा शेजारचा पप्पू दोर मागायला आला, वैरण बांधायची म्हणून. चिमाजी माझ्या आडवा उभा राहिला. "म्हस सोडून न्हे," म्हणाला, "पर ह्यो दोर न्हाई."