अर्ध्या गोळीची एक गोळी

मित्रांनो, मी एक जुने, चिमुकले पॅकेज आहे. पॅकेज म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना आयता वापरता येणारा तुकडा. आकडे मराठी अक्षरांत लिहिणे, एवढेच माझे काम. लोणावळ्याच्या कौमुदीताईने मला लिहिले आणि सर्वांसाठी खुले ठेवले.

तळेगावच्या इर्शादने कार्ल्याच्या एका दवाखान्यासाठी प्रोग्राम केला, तेव्हा त्यात मला घेतले. औषधांच्या पुड्यांवर 'दोन गोळ्या', 'अर्धी गोळी' असे मी लिहू लागलो. "आता माझं मला वाचता येतंय," असे पेशंट म्हणत, तेव्हा मी फुलून जाई.

प्रोग्रामला लागणारी पॅकेजे आणून देणारा एक गडी असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. सांगितले तेवढेच तो आणतो. माझ्याबाबत इर्शादने त्याला सांगून ठेवले होते, 'सर्वांत नवी असेल ती आवृत्ती आण.'

यंदा बिले पूर्ण रुपयांत लिहिणाऱ्या दुकानदारांच्या सोयीसाठी कौमुदीताईने मला बदलले. अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण आकडा लिहायचा, असे मला शिकवले. आवृत्तीचा क्रमांक वाढवून तिने तशी सूचनाही दिली. इर्शादने ती वाचलीच नाही. दुसऱ्याच एका दुरुस्तीसाठी त्याने प्रोग्राम पुन्हा बसवला आणि त्या गड्याने मुकाट्याने नवा मी आणून ठेवला. कुठेही काही अडले नाही.

कणसे विकणाऱ्या भामाबाईंना डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रोज अर्धी गोळी सांगितली होती. त्यांच्या पुडीवर मी लिहिले, 'रोज एक गोळी'.

हायवेकडेला कणसे भाजताना त्या चक्कर येऊन शेगडीवर कोसळल्या. हात भाजला. डॉक्टरांनी पुडी पाहिली आणि सगळे उघड झाले. मला बोलता येत नाही, मित्रांनो. तोंड लपवावे म्हटले, तर तोंडही नाही.

इर्शाद आणि कौमुदीताई दोघेही दवाखान्यात आले. "मावशी, चूक माझी आहे. नवीन काय आलंय ते मी बघायला हवं होतं," इर्शाद खाली मान घालून म्हणाला.

"आणि मी जुन्याच नावाखाली एवढा मोठा बदल करायला नको होता," कौमुदीताई म्हणाली.

हाताला पट्टी बांधलेल्या भामाबाई हळूच म्हणाल्या, "आवं, गोळी वाढली तवा मला वाटलं, माजं दुखनंच वाढलं. पोरं घाबरतील म्हून घरी कुनाला बोलले न्हाई."

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती बाई एकटीच भीत राहिली होती. याची शरम मला आजही जाळते.

आता दवाखान्यात माझी जुनी आवृत्तीच पक्की केली आहे. नवी आली, तर आधी तपासतात, मगच घेतात. भामाबाईंचा हात बरा होतो आहे, पण बोटे अजून पुरती मिटत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल, माझ्यासारख्यांना हाताशी घ्याल. जरूर घ्या. पण आम्ही बदललो, तर आम्हाला ओरडून सांगता येत नाही. तेवढे तुम्ही पाहा. पडद्यापलीकडे कोणीतरी आमचे अक्षर खरे मानून गोळी तोंडात टाकत असते.